तीनदा म्हटलेली ओळ

आत्मविश्वास शिकवणारी माणसं मला कधीच फारशी आवडली नाहीत, आणि गेली दोन वर्षं मी तेच करतेय. रिटायर झाल्यापासून नेरुळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी पाचजणी माझ्याकडे येतात. सगळ्या नोकरदार, सगळ्या हुशार, आणि प्रत्येकीला वाटतं की आपण लोकांना फसवतोय, एक दिवस पकडले जाणार. मी त्यांना आरशासमोर उभं राहून "मला येतं" असं म्हणायला लावायचे. हसू नका, फी घेत नव्हते.

त्यातली जागृती माझी सगळ्यात लाडकी. बँकेत ऑफिसर, पण तिचं दुखणं बँकेतलं नव्हतं. ती नावडे गावची, आगरी घरातली. त्यांच्याकडे लग्नाचे विधी धवलारीण करते. ती धवल्याची, म्हणजे लग्नगीताची, एक ओळ गाते, जमलेल्या बायका ती मागून म्हणतात. जागृतीची भागीरथीआत्या गावची धवलारीण होती. ती दोन वर्षांपूर्वी गेली, आणि मागे राहिलं फोनवरचं एका लग्नातलं रेकॉर्डिंग. त्यावरून जागृतीने सगळे धवले पाठ केले. आता हरेशकाकांच्या मुलीच्या हळदीला तिने गायचं असं घरात ठरलं होतं.

"माझ्याने नाही होणार, सुनीतीताई," ती म्हणाली. "आत्या खरी धवलारीण, कधी चुकली नाही. मी नुसती फोनवरून केलेली नक्कल. काका पण बोलले, टेन्शन असेल तर राहू दे, रेकॉर्डिंगच स्पीकरवर लावू."

माझं डोकंच फिरलं. आत्याला आता तरी विश्रांती द्या, म्हटलं. आरसा कपाटात टाकला आणि तिला सांगितलं, "तू गा. आम्ही मागून म्हणतो."

चार शनिवार आम्ही म्हटलं. मी कोल्हापूरची, आमच्यातली गीतांजली रत्नागिरीची. आमचे उच्चार ऐकून जागृतीला हसू आवरायचं नाही, आणि हसता हसता तिचा आवाज मोकळा व्हायचा. एका ठिकाणी मात्र ती हमखास अडायची. रेकॉर्डिंगमध्ये तिथे आत्या आणि बायकांच्या आवाजात एकच ओळ तीनदा होती.

"आत्या इथे तीनदा का म्हणायची, मला माहीत नाही," ती म्हणायची. "खऱ्या धवलारणीला माहीत असतं."

हळदीला आम्ही सगळ्याजणी नावड्याला गेलो. मांडवात पुढेच गोजराआजी बसलेल्या. भागीरथीआत्याच्या मागून त्यांनी चाळीस वर्षं धवले म्हटलेले, त्यामुळे जागृतीला सगळ्यात धाक त्यांचा. तिने सुरुवात केली. पहिल्या ओळी जरा घाईने झाल्या, पण गाडी चालली होती. मग ती ओळ आली. जागृतीने ती दुसऱ्यांदा घेतली, तिसऱ्यांदा घेतली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गोजराआजींनी हात वर केला.

"कं गो, इसरलीस?"

"नाही आजी. आत्या इथे तीनदा म्हणायची. रेकॉर्डिंगमध्ये आहे."

आजी हसत सुटल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तीनदा नाय गो पोरी. भागीरथी इसरली व्हती तवा. दर लग्नात इसरायची. मग आमी तीच ओल बोलत ऱ्हायचो, तिला पुढचं आठवं परेन. धवलारीन एकटी कवा गाते?"

जे ऐकून जागृती इतके दिवस घाबरत होती, त्यातली चूकच तिने सगळ्यात मन लावून पाठ केली होती. मला तिला तिथेच जवळ घ्यावंसं वाटलं, पण हळद कालवून तिचे दोन्ही हात माखलेले होते आणि माझी साडी नवी होती.

ती पुढे गायला लागली. नवरीच्या कपाळाला हळद लावताना मात्र ती खरोखरच विसरली. थांबली, आणि तिने आमच्याकडे बघितलं. गोजराआजींनी मागची ओळ पुन्हा धरली. त्यांच्यामागे मी कोल्हापुरी उच्चारात ओरडले, तशा बाकीच्याही. दुसऱ्या खेपेला जागृतीला पुढचं आठवलं आणि ती निघाली.

जेवताना हरेशकाका फोन घेऊन आले. त्यांनी सगळं रेकॉर्ड केलं होतं.

"मस्त झालं. ते मधी दोन-तीनदा झालंय, तेवढं कापून देतो तुला."

"नको काका, राहू दे," जागृती म्हणाली. "उद्या कोणी यावरून शिकली, तर तिला सांगायला पाहिजे, इथे धवलारीण विसरली होती."

स्वतःला ती धवलारीण म्हणाली होती. चार शनिवारांत मला हा शब्द तिच्या तोंडून काढता आला नव्हता. मी गुपचूप माझ्या पानातली जिलेबी उचलून तिच्या पानात ठेवली.