ईशान्येची पायरी

जमीन उखडायला मंगळवारी सुरुवात झाली. मंगळवार देवीचा, त्या दिवशी आमच्या हॉटेलात मटण शिजत नाही आणि दारही उघडत नाही, म्हणून माझ्या मुलानं, सुधींद्रनं, तोच दिवस धरला. मी देव्हाऱ्यातला दिवा लावायला गेले होते. आत शिरले तर गवंडी तांबड्या जमिनीवर पहार घालत होते. स्वयंपाकघराच्या दारापासून गल्ल्यापर्यंत गेलेली खोलगट वाट तेवढी अजून शाबूत होती. ह्यांच्या, म्हणजे माझ्या मालकांच्या, अनवाणी पायांनी झिजून झालेली वाट. तिच्यावर पहिली पहार पडली तशी मी भिंतीला टेकले.

आमचं हॉटेल म्हैसूरला, लष्कर मोहल्ल्यात. पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते. फौज मोडली, घोडे गेले, मटण शिजवायचं कसब तेवढं घरात राहिलं. इकडे अशा खानावळीला मिलिटरी हॉटेलच म्हणतात. नाचणीच्या उकडीचा गोळा, म्हणजे मुद्दा, मटणाचा पातळ रस्सा, म्हणजे सारू, खिम्याचे उंडे. मी स्वतः मटण सोडलंय, पण वास माझ्या लुगड्यांतून जात नाही, आणि देवीनं त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला ठाऊक नाही.

ह्यांना दिसत नव्हतं. सुधींद्रला ते माहीत नव्हतं. माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

काचबिंदू. आधी कडेचं गेलं, मग हळूहळू मधलंही. आता उजेड कुठून येतो एवढंच कळे. डॉक्टरांकडून रिक्षानं परत येईपर्यंत ह्यांनी मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. सुधींद्र तेव्हा बेंगळुरूला नोकरीत होता. त्याला कळलं तर तो गावाबाहेर हूटगळ्ळीला आम्ही बांधलेल्या नव्या घरात वडिलांना खुर्चीवर बसवणार, चुलीजवळ फिरकू देणार नाही. त्यात त्याचं काही चुकलं असतं असंही नाही. पण ह्यांनी आयुष्यात खुर्चीवर बसून फक्त गल्ला मोजलाय, तोही गर्दी ओसरल्यावर. घरी येताच ह्यांनी मला देवापुढं बसवलं आणि माझ्या तळहातावर बेलाचं पान ठेवून वर भंडारा टाकला. आमच्या मराठ्यांत बेलभंडार उचलला की तो शब्द माणसाबरोबर सरणावरच जातो.

“मुलाला सांगायचं नाही. कोणालाच नाही.”

मी उचलला.

हॉटेलात कोणाला संशय येण्यासारखं काही नव्हतंच. पायाला ती वाट लागली की हे निघाले. टेबलांची रांग उजव्या मांडीला घासत जाई, शेवटचं टेबल संपलं की गल्ला. कोण आलंय ते खोकल्यावरून, चपलेच्या आवाजावरून ओळखत. गिऱ्हाइकांना वाटे, राव वयानुसार भारदस्त झालेत, मान वळवून बघत नाहीत. घरून मी बरोबर येई, घरी मी बरोबर नेई. सुट्टीला आलेला सुधींद्र म्हणे, आई अप्पांना एकटं सोडतच नाही, या वयात नवंच प्रेम.

मग गिऱ्हाईक आटलं. दिव्यांच्या माळा लावलेल्या नव्या जागा निघाल्या, तरुण मुलं तिकडे जाऊ लागली. संध्याकाळी आमच्याकडे पंखेच फिरत. सुधींद्र नोकरी सोडून परत आला आणि त्यानं सांगितलं, जागा आतून नवी करायची, नाहीतर शटर ओढायचं. ह्यांनी ‘कर’ म्हटलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

काम अनुषाला दिलं. पोरगी गुणी होती. असली जुनी हॉटेलं नवी करायचाच तिचा धंदा. कन्नडच बोलायची, मला आंटी म्हणायची, आणि जमिनीला हात लावायच्या आधी देव्हाऱ्यापुढं चप्पल काढून उभी राहिली होती. तिनं पडद्यावर चित्र दाखवलं. टेबलांची रांग मोडून गोल बैठका, गल्ला पलीकडे रस्त्याच्या बाजूला, खाली राखाडी गुळगुळीत फरशी. सुंदर होतं, खोटं का बोला. माझे डोळे त्या चित्रात स्वयंपाकघराच्या दारापासून एक वाट शोधत होते. ती कुठंच नव्हती.

रोज सकाळी दिवा लावताना मी मनाशी म्हणते, आज खोटं बोलणार नाही, आज कोणाला दुखवणार नाही. लग्न झाल्यापासून हाच माझा नेम. तो मी त्या दिवशी मोडला, आणि तोही देवाला पुढं करून. बेलभंडार मोडता येत नव्हता, दुसरं काही सुचत नव्हतं. टेबलं हलवली, गल्ला हलवला तर वास्तूला बाधा येईल, आहे तिथंच राहू द्या, असं मी म्हणाले. सुधींद्र हसला. आईचे उपवास कमी पडत होते म्हणून आता वास्तूही आली, म्हणाला.

अनुषा मात्र हसली नाही.

“आंटी, मग नीटच करू या. अर्धवट नको.”

दोन दिवसांत ती एका वास्तुपंडितांना घेऊन आली. त्यांनी हातात होकायंत्र धरून सगळी जागा पालथी घातली आणि सांगितलं की टेबलांच्या रांगेनं वारा अडतो, ती मोडलेलीच बरी. गल्ला हलवताय ते उत्तमच. आणि ईशान्य खाली हवी. रस्त्याकडचा कोपरा ईशान्येचा, तेव्हा स्वयंपाकघराकडची अर्धी जमीन उचलून घ्या, मधे एक पायरी काढा. सुधींद्रनं माझ्याकडे बघितलं, खूश झालीस ना, अशा चेहऱ्यानं. मी मान हलवली असेन.

सबंध हॉलभर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पायरी. चित्रात ती नव्हती. ती माझ्या तोंडातून आली होती.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं.  केवढी उंच, एवढंच ह्यांनी विचारलं. मी ह्यांचा तळवा आडवा धरून त्याच्याखाली माझे दोन हात एकावर एक ठेवले. तेवढी, म्हटलं. हे म्हणाले, देवीला मधे घेतलंस तर ती अशीच देणार. रागानं बोलले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं.

त्यानंतर मी रोज हॉटेलात जाऊ लागले. कामगार म्हणत, अम्मांची भक्ती बघा, धुळीतसुद्धा दिवा चुकत नाही. दिवा लावून झाला की मी स्वयंपाकघराच्या दारातून डोळे मिटून चालून बघायची. टेबलं बसली तसं ते सगळं लक्षात ठेवून घरी यायची, आणि सुधींद्र बाहेर असला की हूटगळ्ळीच्या हॉलमध्ये खुर्च्या तशा मांडायची. पायरीच्या जागी पाट. पहिली खुर्ची मांडीला लागली की पाय जपून टाकायचा, खाली उतरायचं, मग सरळ, मग जगन्नाथरावांचं, आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचं, टेबल. हे हातात रिकामं ताट धरून चालत. पाटावरून उतरताना एकदा म्हणाले, “लग्नात पाटावर उभं केलंस, आता उतरवतेस होय.” मी हसले आणि पदर तोंडावर धरला, कारण हसू पुरतं निघत नव्हतं.

एकदा सुधींद्र मधेच आला. खुर्च्या बघून थांबला.  हेच म्हणाले, तुझ्या आईचं काहीतरी नवं व्रत आहे, मधे पडू नको. तो डोकं हलवत वर गेला.

आमच्याकडे पहिल्या पानाची रीत आहे. हॉटेल नव्यानं उघडलं की पहिलं पान देवीला दाखवायचं आणि मग मालकानं स्वतः उचलून पहिल्या गिऱ्हाइकापुढं नेऊन ठेवायचं. मालकाशिवाय कोणी नाही. मी सुधींद्रला सुचवून पाहिलं की आता तूच मालक, तूच ने. त्याला ते भलतंच वाटलं. अप्पा असताना? पानाला माझा हात कशाला, तुमचा पाय मोडलाय का, असं तो ह्यांनाच हसून म्हणाला. हेही हसले.

दुसरी रीत बायकांची. गिऱ्हाईक असताना घरची बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. सासूबाई गेल्या नाहीत, मी गेले नाही. म्हणून त्या सकाळी मी उंबऱ्याच्या आत उभी होते. हॉल फुलांनी, माणसांनी भरला होता. कुठूनतरी गाणं वाजत होतं. जगन्नाथराव, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पोरवयापासून आमच्याकडे जेवणारे, पहिलं गिऱ्हाईक म्हणून नव्या धोतरात बसले होते.

आणि ते त्यांच्या जागेवर नव्हते.

फोटो चांगला यावा म्हणून अनुषानं सकाळी त्यांचं टेबल दिव्यांखाली ओढून घेतलं होतं. वाटेतली पहिली खुर्चीही उचलून बाजूला ठेवली होती, पायरी नीट दिसावी म्हणून. मी हे बघितलं तेव्हा ह्यांनी पान उचललेलं होतं. मुद्दा, वाटीत वाफाळतं सारू. दोन्ही हात गुंतलेले. हे माझ्या शेजारून बाहेर पडले.

मी थांबा म्हटलं. माझा आवाज घरात तुळशीपर्यंत पोचत नाही असं सगळे म्हणतात. त्या गाण्यात तो माझा मलाही ऐकू आला नाही. हे घरी मांडलेल्या आमच्या खुर्च्यांमधून चालावं तसं निघाले होते, मांडीला लागणाऱ्या त्या पहिल्या खुर्चीची वाट बघत, म्हणजे पायरी अजून लांब आहे असं समजून.

मी उंबरा ओलांडला. देवीला काही म्हणाले नाही. ह्यांचा दंड धरला तेव्हा पायाचा अंगठा कडेवर आलेला होता.

“पायरी,” मी म्हटलं.

हे थांबले. मग उतरले. वाटी हिंदकळली, हाताच्या अंगठ्यावर सारू सांडलं, पण पान हातातच राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जोडीनं पान आणायची नवी पद्धत काढली असं सगळ्यांना वाटलं. दिव्यांखालून जगन्नाथराव ओरडले, “वेंकोजीराव, लग्नात तरी असा हात धरू दिला होता का?”

हे हसले. हसले ते खांबाकडे तोंड करून, जिथं जगन्नाथरावांचं टेबल असायला हवं होतं तिकडे. आणि त्या मोकळ्या जागी वाकून पान ठेवू लागले.

पान सुधींद्रनं धरलं. तो कधी शेजारी आला मला कळलं नाही. त्यानं ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातात दिलं आणि वडिलांच्या डोळ्यांपुढून हळूच हात फिरवला. पापणी हलली नाही. मग तो माझ्याकडे वळला.

“आई, कधीपासून?”

खरं सांगता येत नव्हतं. खोटं बोलून झालेलं होतं, आणि त्याचं काय झालं ते आमच्या पायाखालीच होतं. 

“तिला विचारू नकोस,” हे म्हणाले. “तिनं बेलभंडार उचललाय. मला विचार.”

मग त्या गर्दीत उभं राहून, हळू आवाजात, मराठीत, म्हणजे आजूबाजूच्यांना फारसं कळू नये अशा बेतानं, ह्यांनी मुलाला सगळं सांगितलं. डॉक्टर, रिक्षा, वाट, खुर्च्या. सुधींद्र ऐकताना वडिलांकडे बघतच नव्हता. जमिनीकडे बघत होता. नवीकोरी राखाडी फरशी, आणि तिच्यातून गेलेली पायरी.

“मग ही पायरी...” तो म्हणाला.

“माझ्यामुळं,” मी म्हटलं. एवढं मला सांगता येत होतं.

 पलीकडून अनुषा विचारत होती की फोटो आता काढायचा का. ह्यांनी अनवाणी पाऊल पुढं सरकवून फरशी चाचपली, मग बाजूला, मग मागं.

“सगळीकडं सारखंच लागतंय,” ह्यांनी सांगितलं. “गल्ला कुठं ठेवलास रे?”

सुधींद्रनं त्यांचा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि माणसांतून वाट काढत त्यांना पलीकडे नेलं. मी उंबऱ्याच्या आत परत आले. तिथून गल्ला दिसत होता. हे नव्या खुर्चीवर बसले. जुन्या गल्ल्यावर पोऱ्यांना बोलवायची घंटा जिथं असायची तिकडे हात गेला, मग डावीकडे, मग फळीच्या कडेनं पार टोकापर्यंत. काहीच ओळखीचं लागलं नाही तेव्हा ह्यांनी दोन्ही हात मागं घेतले आणि मांडीवर ठेवले, एखादा पाहुणा वाढायची वाट बघत बसतो तसे.