विजयश्रीची दिवसपाळी

चाकणच्या कंपनीत विजयश्री कायम रात्रपाळी करायची आणि दिवसा पडदे ओढून झोपायची. दोनदा तिचा गर्भ पडला. तपासणीत ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं.

"यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही, पण ही कमतरता आधी भरून काढू," डॉक्टर म्हणाल्या.

तिने गोळ्या सुरू केल्या, दिवसपाळी मागून घेतली. सुट्टीला सासूबाई तिला गच्चीवर उन्हात बसवायच्या.

"आई, माझंच चुकलं का हो?"

"न्हाई गं पोरी. तुझा काय दोष?"

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. धास्तीचे महिने सरले आणि मुलगी झाली. सासूबाई वॉर्डातल्या अनोळखी माणसांनाही पेढे भरवत सुटल्या. टाके दुखत असूनही विजयश्रीला हसू आवरेना.