पानाचं पॅनेल

“पान पानासारखंच काढ, अकोइया. त्याचं पॅनेल करू नकोस,” योतेब्वा सर म्हणाले होते. अकोइयाने हसून मान डोलावली होती. वडीलधाऱ्यांपुढे आपण सगळेच अशी मान डोलावतो आणि मग करायचं तेच करतो.

योतेब्वा सर बेटावरच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांना प्रोजेक्टर लावायचा म्हटला तरी घाम फुटायचा, त्यामुळे त्यांचा सल्ला अकोइयाने त्या घामातच जमा केला. ती राजधानी तारावाहून शिकून आलेली, नवरा मालवाहू जहाजावर, कडेवर वर्षाच्या आतली लेक राई. सातवीला प्रकाशसंश्लेषण शिकवायचं होतं आणि पुस्तकात चित्र होतं सफरचंदाच्या झाडाचं. सफरचंद पोरांनी पाहिलं होतं, बोटीतून खोक्यात येतं ते. झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणून राईला मांडीवर झोपवून, शाळेच्या लॅपटॉपवर, तिने स्वतःच एक छोटी फिल्म केली. झाड घेतलं नीरफणसाचं, कारण ते इथे दारोदारी. आणि पानाच्या जागी चक्क सोलर पॅनेल काढलं, कारण तेही पोरांना पाठ होतं. दवाखान्याच्या छपरावर, सभाघराच्या छपरावर, जिथे बघावं तिथे ती निळी पाटी.

फिल्ममध्ये सूर्य डोळे मिचकावत यायचा. पानाची पाटी चमकायची. मुळातून पाणी वर, हवेतून कार्बन डायऑक्साइड आत, पानात एक बुटकी बाई साखरेची हंडी ढवळायची, आणि वरून निळे बुडबुडे निघायचे. बुडबुड्यांवर लिहिलेलं असायचं: ऑक्सिजन. वर्ग खिदळला, पुन्हा लावा म्हणाला, आणि वहीत पोरांनी ती हंडीसुद्धा काढली. अकोइयाला वाटलं, जमलं.

तेबोरा नावाची एक मुलगी वर्ग सुटल्यावर रेंगाळली. “बाई, ते पान माझ्या फोनमध्ये घालून द्या ना. मागतेय मी.”

या बेटावर कुणी असं उघड मागितलं की नाही म्हणायचं नसतं. अंगावरचा शर्टसुद्धा लोक काढून देतात आणि मागून चरफडतात. ही तर एक फिल्म होती. अकोइयाने आनंदाने दिली.

पुढच्या आठवड्यात उजळणीला तिने विचारलं, “रात्री पान काय करतं?”

“रात्री पॅनेल बंद,” तेबोरा म्हणाली. “म्हणून रात्री आजी खोकते. दिवसा खोकत नाही.”

वर्ग हसला. अकोइयाही हसली, आणि मग तिचं हसू अर्ध्यावरच राहिलं. आई झाल्यापासून तिचे कान खोकल्याला फार तिखट झाले होते. घंटा झाल्यावर तिने तेबोराला जवळ बोलावलं.

“आजी दवाखान्यात जाते ना? ऑक्सिजनच्या मशीनवर बसायला?”

“जायची. आता नाही जात. आता झाडाखाली बसते.”

“का?”

तेबोराने बाईंकडे असं पाहिलं, जणू बाईच धडा विसरल्यात. “तेच तर आहे ना, बाई. दवाखान्यातलं मशीन छपरावरच्या पॅनेलवर चालतं. ऊन पडलं की ऑक्सिजन. आमच्या दारात तर अख्खं झाड पॅनेलचं आहे. मी आजीला फिल्म दाखवली. आजी म्हणाली, मग दवाखान्याला जाणाऱ्या ट्रकची वाट बघत कशाला मरू.”

चुकलं कुठे, हे अकोइयाला कळेना. फिल्ममध्ये खोटं एक अक्षर नव्हतं. पान ऑक्सिजन देतं, खरं. मशीन ऑक्सिजन देतं, खरं. दोन्ही उन्हावर, तेही खरं. मग ही बाई झाडाखाली बसली तर त्यात वावगं काय?

दुपारी राईला कडेवर घेऊन ती तेबोराबरोबर निघाली. अळू लावलेल्या खड्ड्यांच्या कडेने वाट होती, पोर सारखं पानांकडे हात टाकत होतं.

नेई काओबा, म्हणजे तेबोराची आजी, नीरफणसाखालच्या मचाणावर भिंतीला टेकावं तशी खोडाला टेकून बसली होती. आधी हे मचाण चुलीच्या खोपटाशेजारी होतं. पोरींकडून ओढवून तिने इथे आणलेलं. डोक्यावर पानांचं दाट छत, आणि म्हातारी तोंड किंचित वर करून, पाण्याखालून बाहेर आल्यासारखी सावकाश श्वास घेत होती.

“या, बाई, या,” ती म्हणाली. “पॅनेलवाल्या बाई. बस इथे, या फांदीखाली. इथे जास्त येतो.”

“काय येतो, आजी?”

“ऑक्सिजन. तू शिकवलंस आणि तूच विचारतेस?” म्हातारी हसली, हसताना थांबली, श्वास घेतला आणि उरलेलं हसू पूर्ण केलं. “हे बाळ कुणाचं? तुझं? बाप कुठल्या समुद्रात हरवलाय?”

“जहाजावर आहे. येईल.”

“येतात. पोटं वाढवून येतात.” नेई काओबाने राईच्या गालाला हात लावला. “हिलाही बसव. छाती चांगली होईल.”

अकोइया बसली. काय बोलायचं ते वाटेवर तिने जुळवून ठेवलं होतं. आता त्यातलं एक टोकसुद्धा हाती लागेना.

“आजी, झाड ऑक्सिजन देतं, हे खरं आहे. पण तो सगळ्या हवेत पसरतो. समुद्रावरचा वारा येतो आणि घेऊन जातो.”

“म्हणून तर अगदी खाली बसते. वाऱ्याच्या आधी मी घेते.”

“तसं नाही. इथे या झाडाखाली आणि तिकडे चुलीपाशी, ऑक्सिजन जवळजवळ सारखाच असतो.”

“मग चुलीपाशी मी का मरायला टेकते, आणि इथे का बरी असते?”

“चुलीपाशी धूर असतो, आजी.”

“म्हणजे झाडाने बरं वाटतं की नाही?”

“वाटतं,” अकोइया म्हणाली आणि तिची तिलाच चीड आली. “पण झाडामुळे नाही. धूर नाही म्हणून.”

“पण झाडाखाली.”

“हो.”

“मग तेच की,” नेई काओबा म्हणाली. तिने शेजारची करवंटी उचलून एक घोट घेतला. त्यात हिरवट पाणी होतं. “पानं उकळून पिते. आतूनही पॅनेल बसलेलं बरं.”

तेबोराने अभिमानाने मान हलवली. “साखरसुद्धा असते त्यात, बाई. हंडीतली.”

अकोइयाला हसू आवरेना आणि रडूही येईना. आपल्याच बुटक्या बाईची हंडी, आपलाच डोळे मिचकावणारा सूर्य, सगळे इथे मांडी घालून बसलेत आणि साक्ष देताहेत तिच्याविरुद्ध. आपण काढलेलं खोडायला गेलो तर खरंही खोडलं जाणार. उद्या ही पोर वर्गात उभी राहील आणि विचारेल, मग पान ऑक्सिजन देतं की नाही देत?

तेवढ्यात राईने म्हातारीचं बोट धरलं. अकोइया पोराच्या मुठीकडे बघत होती, म्हणून तिला दिसलं. त्या गुलाबी मुठीतून बाहेर आलेलं म्हातारीचं नख निळसर होतं. नीट निरखून पाहिलं तर ओठांच्या कडाही तशाच. मचाणावरून खाली सोडलेले पाय घोट्यापाशी फुगून गुळगुळीत झाले होते.

“आजी, चार दिवसांपूर्वीही तुमचे पाय असेच होते?”

“पाय म्हातारीचे आहेत. नाचायला थोडेच जायचंय.”

“रात्री आडवं झोपता येतं?”

नेई काओबाने करवंटी उचलली. तेबोरा बोलली. “आजी बसूनच झोपते. रात्री पॅनेल बंद असतं ना.”

अकोइया उठली. समजावून सांगायचा तिचा बेत तिथेच गळून पडला. “आजी, आत्ता दवाखान्यात चला. माझ्याबरोबर.”

“का? तुझी फिल्म खोटी आहे?”

“नाही.”

“त्या मशीनमध्ये दुसरा ऑक्सिजन असतो? चांगल्या जातीचा?”

“नाही. तोच.”

“मग मी का जाऊ? नीट सांग. तू शिकलेली आहेस.”

“मला नीट सांगता येत नाहीये, आजी,” अकोइया म्हणाली. “मशीन हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून थेट नाकात सोडतं, भरपूर. झाड तसं नाकात सोडत नाही. मी ते चित्रात दाखवलं नाही, कारण मला ते सुचलंच नाही. मी पोरांसाठी काढलं होतं, तुमच्यासाठी नव्हतं काढलं.”

म्हातारी पुन्हा खोडाला टेकली. “मी सभाघरात सगळ्यांना सांगून बसलेय. नेई काओबाच्या दारात दवाखाना आहे म्हणून. आता ट्रकमध्ये बसून गेले तर हसतील मला.”

“मला हसतील. चित्र माझं आहे.”

“तुला तर हसतीलच,” म्हातारी म्हणाली. ते तिला बहुधा पटलं, कारण तिने तेबोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठायला लागली. दोन पावलांवर थांबली. पुन्हा दोन पावलं. खोडाला हात लावून उभी राहिली, आणि त्या थांबण्यात तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून तेबोराचा चेहरा उतरला. तिला आत्तापर्यंत वाटत होतं, आजी बरी होतेय.

तेबोरा शाळेकडे पळाली. योतेब्वा सर शाळेचा ट्रक घेऊन आले. म्हातारीला त्यांनी आणि अकोइयाने मिळून पुढच्या सीटवर बसवलं. पोरगी मागे उभी राहिली. अकोइया राईला घेऊन दाराला चिकटून बसली आणि वाटभर वाट बघत राहिली, सर आता म्हणतील, मी सांगितलं होतं.

सर काही म्हणेनात. शेवटी तीच म्हणाली, “तुम्ही सांगितलं होतं, सर. पॅनेल करू नकोस म्हणून.”

“हे नव्हतं सांगितलं,” योतेब्वा सर खड्डा चुकवत म्हणाले. “मला वेगळीच भीती होती. झाडाला पाणी लागतं, तर पोरं दवाखान्याच्या पॅनेलला पाणी घालायला छपरावर चढतील, असं वाटलं होतं.”

“चढलेत की दोघं,” मागून तेबोरा म्हणाली. “नर्सबाईंनी हाकललं.”

नेई काओबा हसायला गेली आणि खोकली.

दवाखान्यात नर्सने तिला खाटेवर टेकून बसवलं, नाकाशी नळी लावली, बोटाला चिमटा लावून त्यावरचा आकडा वाचला आणि अकोइयाकडे पाहिलं. त्या पाहण्यात रागापेक्षा घाई जास्त होती. “अजून दोन दिवस उशीर केला असतात तर,” ती म्हणाली आणि वाक्य तसंच ठेवून औषधाच्या कपाटाकडे गेली. मशीन गुरगुरत होतं. हळूहळू म्हातारीच्या ओठांवर रंग फिरायला लागला. तेबोरा खाटेच्या लोखंडी गजाला धरून बसली होती. बाईंकडे ती बघत नव्हती.

“हे मशीन ऑक्सिजन कुठून घेतं?” म्हातारीने नळीआडून विचारलं.

“हवेतून,” अकोइया म्हणाली.

“हवेत कुणी घातला?”

“झाडांनी, आजी. समुद्रातल्या शेवाळानेही.”

“मग माझं बरोबरच होतं.”

हो म्हणावं तर ही उद्या पुन्हा मचाणावर, नाही म्हणावं तर तेबोरा समोर बसलेली. बरोबर आणि चूक एकाच पानाच्या दोन बाजू असतील असं अकोइयाला कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं. तिने राईला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

म्हातारीने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, “तबुआकालाही सांगितलं होतं मी. बेटाच्या पलीकडे, उघड्या समुद्राच्या बाजूला राहतो तो. छातीचंच त्याचंही. म्हटलं, ट्रकच्या नादी लागू नकोस, दारात झाड आहे.”

“त्याच्याजवळ कोण असतं, आजी?”

“कोण असणार. बायको गेली. एकटाच असतो.”

“शेवटचा कधी दिसला?”

म्हातारी आठवत राहिली. तिला ते आठवेना, तेव्हा तिने डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती आली. सभाघरातल्या प्रत्येक जेवणाला येणारा माणूस, आणि त्याला शेवटचं कधी पाहिलं हे कुणालाच सांगता येईना. नर्सला नाही, तेबोराला नाही.

योतेब्वा सरांनी किल्ली उचलली. अकोइया दारापर्यंत त्यांच्या मागे गेली. राई भुकेने रडायला लागली होती, पायरीवरच बसून तिने तिला छातीशी घेतलं आणि ट्रक वळणाआड जाईतो बघत राहिली. आत मशीन गुरगुरत होतं. पान, पॅनेल, हंडी, बुडबुडे, सगळं तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलं होतं आणि त्यातलं काय पोरांना उद्या सांगायचं हे तिला अजून कळत नव्हतं. तबुआकाच्या दारात कुणीतरी जाऊन उभं राहायला हवं होतं, एवढंच कळत होतं.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. दवाखान्याच्या फेऱ्या बंद केलेलं, विचारलं की “आता बरं आहे” म्हणणारं, आणि बरं वाटण्याचं काहीतरी अगदी पटण्यासारखं कारणही देणारं. फोन करू नका, फोनवर सगळे बरेच असतात. आज उठून त्याच्याकडे जा, थोडा वेळ बसा, आणि बोलताना तो वाक्याच्या मध्येच श्वासासाठी थांबतोय का, ते ऐकून या.