पूर्ण बाराचा क्रिस्टल

मित्रांनो, माझ्या पत्र्याच्या टोपीची चमक कधीच गेली आहे आणि माझे दोन्ही पाय वाकडे झाले आहेत. टोपीवरचा आकडा मात्र अजून वाचता येतो. १२.०००. मी एक जुना क्रिस्टल आहे, चिंचोक्याएवढा. माझ्या पोटात गारगोटीसारख्या खनिजाची एक पातळ चकती आहे आणि वीज मिळाली की ती एका सेकंदात एक कोटी वीस लाख, म्हणजे बारा दशलक्ष वेळा थरथरते. ज्या यंत्रात मला बसवतात, त्याची वेळ माझ्या थरथरण्यावर चालते. माझ्यामुळे एका भल्या माणसाचे नुकसान झाले. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यात मला तपासणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "एकदम बरोबर." ते शब्द माझ्या डोक्यात गेले. आपण कधी चुकूच शकत नाही, असे मला वाटू लागले.

तिथून मी रेल्वेने परळीला, रुद्रप्पाशेठच्या दुकानात आलो. पुढे किराणा आणि मागच्या फळीवर रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग, असे ते दुकान. रुद्रप्पाशेठचे माप साऱ्या बाजारात प्रसिद्ध होते. तराजू नेहमी गिऱ्हाइकाकडे झुकलेला. डाळ तोलून झाली तरी वर एक मूठ टाकल्याशिवाय त्यांना बरे वाटत नसे. वडिलांनी घालून दिलेली रीत होती ती.

२००३ सालच्या मे महिन्यात केजकडचा एक टँकरचालक दुकानात आला. त्याचे नाव भारत. गावोगाव पिण्याचे पाणी पोचवणारा हा गडी फार हसरा, पण त्या दिवशी त्याचा चेहरा उतरला होता. भारत वाटेत पाणी विकतो आणि माळावरच्या वस्तीला जातच नाही, अशी कोणीतरी तक्रार केली होती. वस्तीवरच्या कडूबाईने तहसीलच्या साहेबांपुढे जाऊन ठणकावून सांगितले होते, "येतं की पाणी! रोज दोन खेपा येत्यात." पण ती वस्ती भारतच्या मामांची निघाली. घरचीच माणसे, ती त्याचीच बाजू घेणार, असे म्हणून साहेबांनी ती साक्ष बाजूला सारली. सोमवारपर्यंत दुसरा पुरावा आणा, नाहीतर टँकरची चावी ठेवा, असा हुकूम झाला.

भारतची धाकटी बहीण सत्यशीला हिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. तिने आपल्या सरांकडून आठ दिवसांसाठी एक जीपीएस मागून आणला. आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत, हे तो आकाशातल्या उपग्रहांवरून ओळखतो. त्याचे बोलणे ऐकून लिहून ठेवायला तिने चाळीस पायांची एक चिप घेतली. हे दोन्ही आणि एक छोटा पडदा एका डबीत बसवला, की टँकर जिथे जाईल तिथली नोंद त्या डबीत होणार होती. कमी होता फक्त एक क्रिस्टल. तिने चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, ११.०५९२.

शेठनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. "हे असलं तुटकं कावून मागतीया तुझी बहीण? माझ्याकडं पूर्ण बाराचा हाय. घिऊन जा. रुद्रप्पानं कुणाला कमी दिलं न्हाई."

भारतला त्यातले काय कळणार? त्याने मला खिशात टाकले. आणि मी? मी खूश झालो. अकरा आणि वर चिल्लर अशा कुणापेक्षा मी केव्हाही मोठा, असेच मला वाटले.

टँकरच्या धक्क्यांनी निखळू नये म्हणून सत्यशीलाने मला आडवे करून तारेने बांधले. माझा आकडा खाली गेला आणि कोरी पाठ वर राहिली. तिने आधी एक दिवा लावून पाहिला. तो सेकंदाला एकदा लुकलुकायला हवा होता. एका सेकंदात माझ्यामुळे पडणारा फरक डोळ्याला कसा दिसावा? पडद्यावर तिने लिहिलेली अक्षरेही स्वच्छ उमटली. "क्रिस्टल चांगला चालतोय, दादा," ती म्हणाली. त्यानंतर माझ्यावर कोणी संशयच घेतला नाही.

मग तिने जीपीएस जोडला आणि पडद्यावर नुसती भुताटकी उमटली. उलटे प्रश्नचिन्ह, चौकोन, कसल्या कसल्या वेलांट्या.

मित्रांनो, दोरीवरच्या उड्या तुम्ही मारल्याच असतील. फिरवणारीचा आणि उडी मारणारीचा ताल एक नसेल तर पाय अडकतो. आमचे तसेच होते. जीपीएस एकाच तारेवरून अक्षरांचे तुकडे एकामागून एक पाठवतो आणि चिप माझ्या तालावर ते मोजते. चिपला मी अकरा आणि काहीचा आहे असे शिकवलेले, आणि मी धावत होतो बाराने. प्रत्येक अक्षराची सुरुवात नीट ऐकू येई आणि शेवटाला घोटाळा होई. मी मात्र जीपीएसलाच हसत होतो. याला धड बोलता येत नाही, असे म्हणत होतो.

सत्यशीलाने बोलण्याची आणि ऐकण्याची तार अदलाबदल करून पाहिली. सगळे जोड पुन्हा डाख देऊन पक्के केले. उपग्रहांसाठी आकाश मोकळे मिळावे म्हणून डबी घेऊन भर उन्हात घराच्या पत्र्यावर चढली. शेजारचे रेडिओ दुरुस्त करणारे बद्रीनाथकाका दोन वेळा येऊन गेले. "पोरी, ह्यो जीपीएसच गेलेला हाय," ते म्हणाले. रविवारी संध्याकाळी तिने माझ्या पाठीवर बोट ठेवले. मला वाटले, आता उचलेल, आता वाचेल. पण तिने फक्त धूळ पुसली.

दुसरा पुरावा नव्हता म्हणून सोमवारी साहेबांच्या टेबलावर डबी तशीच ठेवली गेली. त्यांनी पडदा पाहिला आणि विचारले, "हे कोण वाचणार?" मागे उभे असलेले लोक हसले. भारतने खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. बाहेर आल्यावर बहिणीला एवढेच म्हणाला, "तू लई केलंस. रडू नको." त्या चावीचा आवाज मी अजून विसरलो नाही.

भारत ट्रकवर नोकरी धरून पुण्याकडे गेला. नवा चालक वस्तीचा चढ चढत नसे, पायथ्यालाच पाणी सोडून माघारी फिरे. पाऊस पडेपर्यंत कडूबाईने डोक्यावर घागरी वाहिल्या. ही बातमी घरात आली की सत्यशीला कोपऱ्यातल्या डबीकडे पाहायची आणि मान फिरवायची. स्वतःलाच दोष द्यायची ती. माझा दोष तिने अंगावर घेतला होता.

श्रावणात तिने दुसऱ्या कामासाठी माझी तार सोडली आणि मी उताणा झालो. तिने आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग मला मुठीत धरून तिने थेट परळीची एसटी पकडली.

शेठनी तिचे सगळे ऐकून घेतले. "मी जास्तच दिलं की गं, पोरी," ते हळूच म्हणाले.

"शेठ, मागितलं तेवढंच पायजे हुतं."

शेठ खाली बसले. समोर गिऱ्हाईक ताटकळत होते, पण कितीतरी वेळ त्यांनी तराजूला हात लावला नाही. मला त्यांचीही दया आली. त्यांच्या मनात पाप नव्हते. माझ्या मनात गर्व होता.

सत्यशीलाने मला फेकून दिले नाही. मी बाराचा आहे हे चिपला कळावे म्हणून तिने प्रोग्रॅममधली मोजणी बदलली आणि सरांकडून तोच जीपीएस पुन्हा आणला. पहिल्याच झटक्यात पडद्यावर स्वच्छ आकडे आले. इतके दिवस तो खरे बोलत होता आणि मी त्याला खोटा पाडत होतो.

दिवाळीला भारत आला. भावंडे डबी घेऊन चढ चढून वस्तीवर गेली. तो पाणी ओतायचा त्या आडाजवळ उभी राहिली. पडद्यावरचे आकडे स्थिर झाले.

"म्हंजे, मी हितं हाय म्हणून दिसतंय का ह्यात?" त्याने विचारले.

"दिसतंय, दादा."

"मी हितंच येत हुतो, सत्या."

"मला ठाव हाय."

आड तेव्हा काठोकाठ भरलेला होता. पुरावा मागायला कोणी साहेब तिथे नव्हता. भारतने पडद्यावरून अंगठा फिरवला आणि डबी बहिणीच्या हातात परत दिली.

मित्रांनो, वस्तू बसवण्याआधी तिच्यावरचा आकडा एकदा वाचा. दिवा लागला म्हणून तिला निर्दोष ठरवू नका. आणि समोरचा काय बोलतो ते कळेना झाले, तर त्याला खोटा म्हणण्यापूर्वी आपला ताल तपासा. मी तो तपासला नाही. मी आजही एका सेकंदात एक कोटी वीस लाख वेळा मोजतो, पण भारतची ती नोकरी मला परत देता येत नाही.