शेवटचा नळ

पाणीपुरवठा केंद्रावर क्लोरीनचं काम बघणाऱ्या माणसाला सगळे डॉक्टर म्हणायचे. न विचारता रोज सगळ्यांना औषध पाजतो म्हणून. तो हसून घ्यायचा. सकाळी डोस लावला की सायकल काढून पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला जायचा, तिथल्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात तपासणीच्या द्रावणाचे दोन थेंब टाकायचा. पाणी पिवळं झालं की समजायचं, क्लोरीन इथवर पोचला. हा शेवटचा नळ त्याच्या थोरल्या बहिणीच्या अंगणात होता, त्यामुळे चहा ठरलेला.

चहाबरोबर कुरकुरही ठरलेली. चहा करते की फिनेल हेच कळत नाही, असं ताई म्हणायची, आणि शेजारीण तिची री ओढायची. बावीस वर्षं त्यानं हे या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. पण त्या वर्षी भाचीला दिवस गेले आणि पाण्याच्या वासानेच तिला उमासे येऊ लागले. पेला तोंडाजवळ नेववेना.

"तुझ्याच हातात आहे ना?" ताई म्हणाली. "जरा कमी कर की."

त्यानं क्लोरीनची चावी पाव फेरा फिरवली. दुसऱ्या दिवशी नळीतलं पाणी जेमतेम पिवळसर झालं. वहीत त्यानं नेहमीचाच आकडा लिहिला. आठवड्यानं चावी आणखी थोडी फिरवली. भाची पाणी प्यायला लागली. शेजारणीनं त्याला मुद्दाम थांबवून सांगितलं, की हल्ली पाणी छान येतं. इतक्या वर्षांत त्याच्या पाण्याला कुणी पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं. तो दिवसभर खुशीत होता.

दोन महिन्यांनी ताईच्या गल्लीत गटाराला लागून गेलेला पाइप जमिनीखाली चिरला. वरून कुणाला काही दिसलं नाही. मग घराघरांत कावीळ शिरली. सदतीस माणसं आजारी पडली, त्यांत भाची होती. ती कशीबशी वाचली. सातव्या महिन्यातलं बाळ गेलं.

चौकशी झाली. चिरलेला पाइप सापडला, बदलला, सगळा दोष पाइपवर गेला. साहेबांनी वही चाळली, आकडे ठीक दिसले, वही मिटली. डोस पुरेसा असता तर कदाचित एवढं झालं नसतं, हे फक्त त्याला ठाऊक होतं.

तीन आठवडे त्यानं ते पोटात ठेवलं. मग एका दुपारी ताईसमोर बसून सगळं सांगून टाकलं. ती हाकलून देईल असं त्याला वाटलं होतं. ती हातातल्या कपड्याची घडी घालत राहिली.

"म्हणजे माझ्या सांगण्यावरून," ती म्हणाली.

"तसं नाही, ताई. तुला त्यातलं काय कळणार होतं? मला कळत होतं."

"मी म्हटलं नसतं तर केलं असतंस का?"

खोटं बोलायची वेळ तीच होती, आणि नेमकं तेव्हाच त्याला खोटं सुचलं नाही.

तिथून तो थेट साहेबांकडे गेला आणि लेखी कबुली दिली. काही महिने घरी बसवून त्यांनी त्याला मीटर वाचायच्या कामावर पाठवलं. भाची त्याच्याशी बोलत नाही. ते रास्तच आहे, असं तो मानतो. ताई मात्र बोलते, चहाही देते. पण ती आता कशालाच नावं ठेवत नाही. शिंप्यानं बाही आखूड शिवली तरी घालते, पाव शिळा निघाला तरी खाते. खिडकी उघडू का, असं त्यानं विचारलं तरी म्हणते, "राहू दे. कसंही चालेल मला."