केबल ओढणारा हात

"बाबा, जरा ती केबल ओढता का? माझे हात अडकलेत."

सूनबाई फोन खांद्याने कानाशी दाबून टाइप करत होती. मी तिचा रिकामा कप उचलायला आलो होतो. डाव्या हातात कप, म्हणून उजवा खिशातून काढावा लागला. केबल धरली आणि ओढली.

मोठा पडदा काळा झाला. तो व्हायचाच होता. पण शेजारच्या छोट्या पडद्यावरचं घड्याळही जागच्या जागी थांबलं.

"मोडलं का गं काही?"

तिच्या खांद्यावरचा फोन खाली पडला. "बाबा, काय केलंत तुम्ही?"

"तू म्हणालीस म्हणून ओढली!"

"हो हो. आता परत ओढा. थांबा, चालू करू दे."

तिचं काम मला तिनेच समजावलं होतं. संगणकाला पडद्यावर चित्र काढायला लावणारा एक भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो ती लिहिते. रुग्णवाहिका पाठवणाऱ्या एका कक्षात पाळी बदलताना कुणी पडद्याची केबल काढली, की कधीकधी अख्खा संगणक गोठायचा. कुठली गाडी कुठे आहे ते दिसेनासं व्हायचं. दोष आपल्या ड्रायव्हरचा आहे, असं ती छातीठोकपणे सांगत होती. पण दाखवता येत नव्हता. ऑफिसात केबल काढ-घाल करणारं यंत्रसुद्धा लावून झालं, संगणक एकदाही गोठला नाही. "त्यांच्या केबलीच खराब असतील," साहेब म्हणाले. "संध्याकाळपर्यंत दाखव, नाहीतर तक्रार बंद."

मी कप ठेवून डाव्या हाताने ओढली. काही झालं नाही. ती म्हणाली, "मघाचा हात." उजव्याने ओढली. घड्याळ थांबलं.

मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं.

या हाताने मी गावभर पाट्या रंगवल्या. अक्षरं आधी रंगवली, वाचायला पुष्कळ उशिरा शिकलो. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचो. मग हात थरथरायला लागला. शेवटची पाटी औषधांच्या दुकानाची. दुकानदाराने मुकाट्याने लावून घेतली आणि पुढे तिच्यावर प्लास्टिकची ठोकली. तेव्हापासून हात खिशात. घरात कुणी विषय काढला नाही. बायकोने माझी कपबशी फळीवर ठेवून दिली आणि चहाचा अर्धा भरलेला मग द्यायला लागली.

"बाबा, हात थरथरतो ना तुमचा?"

"थंडीने होतं."

बाहेर ऊन रणरणत होतं.

"मग ही थंडी जपून ठेवा. मला हवीय ती." ती हसली, आणि खुर्ची माझ्याकडे वळवून बसली. "यंत्र एका झटक्यात केबल काढतं. तुमच्या हातात ती निघता निघता सुटते, टेकते, परत सुटते. समजा, एक पेंटर शिडीवर चढून भिंत रंगवतोय. केबल निघाली की दुसऱ्याला हुकूम जातो, भिंत पाड. एरवी पेंटर तेवढ्यात उतरलेला असतो. पण पाड, बांध, पाड असे हुकूम एकावर एक आदळले, की तो वरच राहतो."

"आणि पडतो."

"घर घेऊन पडतो. आता वरचा 'उतरलो' म्हणेपर्यंत पाडणाऱ्याला थांबवायचं."

"एवढंच?"

"एवढंच. पण शिडीवर बरेच जण असतात, बाबा."

संध्याकाळी साहेब पडद्यावर आले. मी केबल ओढली, संगणक गोठला.

"काकांना जरा बेताने ओढायला सांगा ना," साहेब म्हणाले.

"कक्षातल्या लोकांनाही तेच सांगू का, सर? पाळी संपवून घाईत निघणाऱ्यांना?"

साहेब खुर्ची ओढून पुढे सरकले. मग म्हणाले, "काका, परत एकदा ओढा बरं."

तक्रार बंद झाली नाही.

पुढचे दिवस ती लिहायची, मी ओढायचो. पहिल्या दुरुस्तीत पाडणारा थांबला खरा, पण थांबला तो थांबलाच. वरचा उतरला तरी त्याला पत्ता नाही.

"आंघोळीला जा म्हटलं की तुमचं होतं तसंच," बायको दारातून म्हणाली.

शेवटी एका दुपारी मी ओढली, खुपसली, परत ओढली. हाताला हवं तेवढं थरथरू दिलं. पडदा जायचा, यायचा. घड्याळ चालत राहिलं. सूनबाईने तोंडावर हात ठेवला होता.

"दुरुस्तीखाली तपासणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे," ती म्हणाली.

"लिही की ऑफिसातल्या कुणाचं."

"तपासलं कुणी?"

तिने लिहिलं. अगदी तळाला, बारीक अक्षरात. पाटीच्या कोपऱ्यात पेंटर आपलं नाव टाकतो तसं. मी चष्मा पुसून वाचलं. परत वाचलं.

बायको चहाचा मग घेऊन आली.

"कपबशीत दे," मी म्हणालो. "भरून."

"अहो, सांडेल."

"सांडू दे."

तिने सूनबाईकडे पाहिलं, मग फळीवरची कपबशी काढून धुतली. मी उजव्या हातात बशी घेतली. कप बशीवर किणकिणत राहिला. सूनबाईने मान वळवली नाही, बायकोनेही नाही. मी दुसरा हात लावला नाही.