काकांची नजर

काकांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मावशीला "मालगाडी" म्हणायला सुरुवात केली आणि पुढे छत्तीस वर्षं तेच नाव चालवलं. चहा यायला जरा वेळ लागला की, "आली का मालगाडी?" पाहुण्यांसमोरसुद्धा. पाहुणे हसायचे, मग मावशीही हसायची. माझी आई मात्र हसायची नाही. ती मावशीची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. रोज दुपारी तीनला दोघींचा फोन असायचा, चांगला अर्धा तास. त्यात काय बोलणं व्हायचं ते मला कधी कळलं नाही, पण फोन ठेवल्यावर आई बराच वेळ भांडी आदळत घासायची.

काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. जुन्या तिकिटांतलं खरं-खोटं ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. शाईचा एक ठिपका जागचा हललेला असला, चित्रामागच्या बारीक रेघांतली एखादी मधेच तुटलेली असली, तरी भिंग न लावता सांगायचे. निवृत्तीनंतर एका लिलाव कंपनीनं त्यांना घरबसल्या काम दिलं. कंपनी तिकिटांचे मोठाले फोटो इंटरनेटवरच्या एका पानावर टाकायची, काकांनी ते बघून प्रत्येकाखाली "अस्सल" किंवा "नकली" लिहायचं. घरात फोनची एकच तार. इंटरनेट त्याच तारेवरून. एकेक फोटो वरून खाली असा हळूहळू उलगडायचा की तोवर माणसाची एक डुलकी व्हावी. दुपारी जेवण झालं की काका मोडेम सुरू करायचे, तो किंचाळून गप्प व्हायचा, आणि तिथून संध्याकाळपर्यंत त्या घराचा फोन बंद.

तीनचा फोन बुडायला लागला. मावशीनं एकदा धीर करून विचारलं, "अहो, तीन ते साडेतीन तेवढी लाइन सोडाल का?"

"का? तुम्हां बहिणींच्या कुचाळक्या एक दिवस थांबल्या तर जग बुडणार आहे?"

त्यानंतर तिनं विचारलं नाही.

ज्या दुपारी आई गेली, त्या दुपारी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई ब्लाउज द्यायला आमच्याकडे आल्या होत्या. आई फोनपाशी बसली होती, घामाने डबडबलेली. "काय होतंय?" असं त्यांनी विचारल्यावर म्हणाली, "पित्त झालंय. ताईला बोलावतेय, पण तिचा फोनच लागत नाहीये. लागला की येईल ती." बाई घरी गेल्या. तासाभरानं पुन्हा डोकावल्या तेव्हा आई खुर्चीतच होती आणि रिसीव्हर तारेला लोंबकळत होता. मी त्या वेळी ऑफिसात कानाला हेडफोन लावून एका गृहस्थांना त्यांचा पासवर्ड परत मिळवून देत होते. आमच्या मजल्यावर घरचे फोन घ्यायची परवानगी नव्हती, आणि आईला ते पाठ होतं.

दहाव्या दिवशी मावशी कोपऱ्यात बसून रडत होती. काका म्हणाले, "एका दिवसाचं बोलणं राहिलं म्हणून किती ते! छत्तीस वर्षं बोलत होतातच की." मावशीनं डोळे पुसले आणि उठून त्यांना पाणी दिलं.

महिन्याभरानं तिनं मला बोलावून घेतलं. "तुझ्या कंपनीत म्हणे काहीतरी मिळतं, इंटरनेट पळवणारं. लाइन लवकर मोकळी होईल?"

मी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत ग्राहकांची गाऱ्हाणी ऐकायचं काम करत होते. आम्ही ॲक्सिलरेटर विकायचो, गिऱ्हाइकं त्याला "स्पीडवालं" म्हणायची. आता कुणासाठी लाइन मोकळी करायची, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी सीडी घेऊन गेले. काका अंघोळीला गेले होते तेवढ्यात ते टाकलं आणि मावशीला समजावून सांगितलं.

"नेट काही पळत नाही गं, पळाल्यासारखं वाटतं. तार तीच, मोडेम तोच. मधे आमच्या कंपनीचं मशीन बसतं. काकांनी मागितलेलं पान आधी ते घेतं, त्यातली अक्षरं घट्ट बांधून लहान करतं, फोटोंतला बारकावा काढून टाकतं, आणि हलकं झालेलं गाठोडं इकडे पाठवतं. एकदा पाहिलेलं पान घरातल्या संगणकातच जपून ठेवतं, म्हणजे दुसऱ्यांदा लगेच येतं."

"बारकावा काढून टाकतं म्हणजे?"

मी तिला पट्टी दाखवली. पट्टीवरची खूण उजवीकडे नेली की फोटो चांगले पण सावकाश, डावीकडे नेली की झटपट पण पुसट. "मूळ फोटो हवा असला तर फोटोवर माउसचं उजवं बटण दाबायचं. काकांना हे सांगायला हवं, त्यांचं कामच बारकाव्याचं आहे."

"सांगते मी," मावशी म्हणाली. मी खूण उजवीकडे ठेवून निघाले.

काका खूश. "शेवटी तुझ्या कंपनीनं एक काम धड केलं," असं मला फोनवर म्हणाले. हो, फोनवर. त्यांचं काम आता चारलाच आटपायचं. लाइन मोकळी असायची आणि मावशी फोनशेजारी बसलेली असायची. तिला फोन करणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

दोन महिन्यांनी लिलाव कंपनीचं पत्र आलं. काकांनी अस्सल ठरवलेली तीन तिकिटं नकली निघाली होती, गिऱ्हाइकानं ती परत केली होती. काकांनी पत्र चार वेळा वाचलं. पुढच्या खेपेला ते ताक फुंकून प्यायला लागले आणि चांगल्या तिकिटांना नकली म्हणून बसले. दुसरं पत्र पहिल्याहून लहान होतं.

मग त्यांनी मला बोलावलं. तोवर त्यांनी मला स्वतःहून कधी घरी बोलावलं नव्हतं.

"पडद्यात काही बिघाड आहे का बघ. तिकिटं मला धुतल्यासारखी दिसतात. अक्षरं मात्र ठीक."

मी खुर्चीत बसले. समोर एक निळं तिकीट होतं. त्यातल्या राजाच्या दाढीचा साबणाचा फेस झाला होता आणि मागच्या रेघांचा नुसता निळा चिखल. मी ॲक्सिलरेटरची खिडकी उघडली. पट्टीवरची खूण पार डाव्या टोकाला होती.

मी मान वळवली. मावशी दाराच्या चौकटीत उभी होती, पदराला हात पुसत. तिनं डोळे वळवले नाहीत. ती माझी वाट बघत होती, एवढंच.

माझ्या डोळ्यांसमोर आईचा लोंबकळणारा रिसीव्हर आला. मी खिडकी बंद केली.

"पडदा उत्तम आहे, काका. मला तर सगळं स्पष्ट दिसतंय."

"स्पष्ट? मागच्या रेघा दिसतात तुला?"

"हो की. ही बघा, इथे एक तुटलीय." मी चिखलावर बोट ठेवलं.

काका वाकले. नाक पडद्याला टेकेल इतके वाकले. त्यांचा श्वास काचेवर उमटला, तो त्यांनी बाहीनं पुसला आणि पुन्हा पाहिलं. "कुठे?"

"ही काय, काका."

"हं," ते म्हणाले. "हो. आता दिसली."

खोटं बोलताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. खाली जिन्यापर्यंत मावशी मला सोडायला आली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. अगदी आईसारखा, आणि मला शिसारी आली, तिची की माझी ते कळलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, या वयात अशी नजर नशीबवानाला मिळते. दुसरा कुणी आनंदला असता. काका घरी आले ते पांढरेफटक होऊन. "डोळे ठीक आहेत म्हणजे बिघाड वरच्या मजल्यावर आहे," मावशीला म्हणाले. "अगं, माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. आधी माणसं ओळखेनात, मग..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"वय झालं तुमचं," मावशी म्हणाली. "चालायचंच."

त्यांनी कंपनीला राजीनामा पाठवला. पत्र मावशीकडून लिहून घेतलं, स्वतःच्या अक्षरावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. संगणकावर कापड पडलं. पुढे तर हातातली, भिंगाखालची तिकिटंही त्यांना संशयित वाटू लागली. आयुष्यभर जमवलेले अल्बम काढून बसायचे, एकेक तिकीट उजेडात धरायचे आणि मावशीला हाक मारायचे. "हे जरा बघ गं. ही रेघ सरळ आहे ना?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

तिला कळत असो नसो, सरळ रेघ सरळ आहे एवढं सांगता आलं असतं. ती सांगायची नाही. मग काका शिक्का उचलायचे आणि तिकिटाच्या पाठीवर "नकली" असा छाप मारायचे. त्या शाईचा डाग जात नाही. आठवडाभरात त्यांनी आपल्याच संग्रहातली चाळीसेक अस्सल तिकिटं अशी मारून टाकली. मावशीनं मला हे सांगितलं तेव्हा ती वाटाणे सोलत होती. आवाजात ना आनंद, ना दुःख. किराणा सामानाची यादी सांगावी तसं सांगितलं.

वर्षभरात ब्रॉडबँडचं वेगवान इंटरनेट आलं, ॲक्सिलरेटर कुणी घेईना, आणि आमच्या कंपनीनं मधलं ते मशीन बंद करून टाकलं. माझी झोप मात्र उडाली होती ती उडालीच. एका रविवारी मी मावशीला म्हणाले, "मी त्यांना सांगणार आहे."

तिनं मला अडवलं नाही. "सांग की. पण तुझी आई किती वेळ फोन लावत होती, तेही सांग."

काका खिडकीशी बसले होते. दाढी दोन दिवसांची, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. मी समोर स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. पट्टी, डावं टोक, मशीन फोटोंतला बारकावा कसं काढून टाकतं ते. मावशीनं काय केलं ते. मी पडद्यावर बोट ठेवून काय खोटं बोलले ते. आईचंही सांगितलं. "तुमच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं, काका. डोक्यालाही नाही. ते फोटोच पुसट होते."

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत कधी ठेवला नव्हता.

"तुझ्या आईचा स्वभाव आलाय तुझ्यात," ते म्हणाले. "समोरच्याला बरं वाटावं म्हणून काय काय रचतेस गं पोरी."

"मी रचत नाहीये, काका! चला, दाखवते तुम्हाला."

मी संगणकावरचं कापड काढलं, मोडेम लावला, ॲक्सिलरेटर उघडला. पट्टी होती, पण मधलं मशीनच जगात उरलं नव्हतं. खूण डावीकडे नेली, उजवीकडे नेली, फोटो तसाच. सावकाश उतरलेला आणि स्वच्छ.

"बघ," काका म्हणाले, "काहीच फरक नाही." ते पडद्याकडे बघतही नव्हते. "आणि तिला यात कशाला ओढतेस? मला भरवायचं तेवढं बाकी ठेवलंय तिनं. एवढं कोण करतं?"

मी स्वयंपाकघरात गेले. मावशीची पाठ माझ्याकडे होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"त्यांना खरं वाटत नाही."

तिचे खांदे हलले, मला वाटलं रडतेय. वळली तेव्हा डोळे कोरडे होते.

"जेवून जा," ती म्हणाली आणि तिनं तीन पानं वाढली. काकांना हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं, शर्टाची बटणं नीट लावली. ते तिच्याकडे बघून हसले. मी जेवले.